नळीवरचा खोटा डबा

परवा काहीतरी शोधताना स्वयंपाकघरातला खण उघडला, तर आतल्या मेणबत्त्या एकमेकींवर रेलून वाकल्या होत्या. सोलापूरचा एप्रिल असा घरात शिरतो. खिडक्या लावल्या, पडदे ओढले, कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं, तरी तो खणातल्या मेणबत्तीपर्यंत पोचलेला असतो. दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. एखादा भाजीवाला लिंबाच्या सावलीत गाडा लोटून, तोंडावर टॉवेल टाकून पडलेला. नळाला पाणी येण्याचा दिवस असला तर थोडी हालचाल, भांड्यांचे आवाज. एरवी सगळी कॉलनी मिटलेली.

या दिवसांत कुणाला आंबे आठवतात, कुणाला आजोळ, कुणाला सुट्टी. मला प्लास्टिक चिकटवायच्या गोंदाचा वास आठवतो. जरा गोडसर, डोक्यात जाणारा. त्या वासामागोमाग अप्पा येतात. टेबलाच्या पलीकडं बनियनवर बसलेले, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि हातात नखाएवढा हिरवा तुकडा. तो डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन म्हणतायत, "शिवू, ही बत्ती. पुढची. उजवीकडची."

अप्पा म्हणजे माझे वडील, गुरुसिद्ध. अक्कलकोट तालुक्यातलं आमचं खेडं. घरात कानडी, शाळेत मराठी. अठराव्या वर्षी ते फौजेत गेले आणि रणगाड्याचे चालक झाले. रशियन बनावटीचा रणगाडा, टी-पंचावन्न. एकाहत्तरच्या लढाईत त्यांनी तो चालवला. फौजेतून परत आल्यावर एसटीत लागले आणि सोलापूर-बार्शी गाडीवर त्यांची उरलेली नोकरी झाली. रणगाडा हा शब्द त्यांच्या तोंडी कधी नसायचा. तीही गाडी आणि हीही गाडी. लहानपणी आम्ही आवाजावरून ओळखायचो. बार्शीच्या गाडीबद्दल बोलताना ते तक्रार करायचे. त्या दुसऱ्या गाडीबद्दल बोलताना आवाज जरा खाली यायचा, दोन वाक्यं व्हायची आणि ते उठून पाणी प्यायला जायचे.

मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तपासणीच्या कामावर आहे. लेथवरून तयार होऊन आलेले सुटे भाग ड्रॉइंगशी ताडून बघायचे, व्हर्नियर लावून माप घ्यायचं, भाग बसला तर पुढं, नाही बसला तर लाल खडूची फुली. सव्वीस वर्षं हेच काम. ड्रॉइंगमध्ये आहे ते खरं, बाकी कुणी काहीही सांगो, हे माझ्या हाडात भिनलेलं आहे. कारखान्यात या सवयीचं कौतुक होतं. तिथून निघताना ती गेटवर ठेवून येता येत नाही, ही अडचण.

दोन वर्षांपूर्वी मार्चअखेरीला त्याच कारखान्यात तेलावरून पाय घसरला आणि घोटा मोडला. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. सात आठवडे घरी. बायको सुनंदा शाळेत शिक्षिका, तिचे परीक्षेचे दिवस. त्यामुळं सकाळी दहापासून घरात दोनच माणसं उरायची, प्लास्टर स्टुलावर ठेवून बसलेला मी आणि सत्तरी ओलांडलेले अप्पा. एवढा वेळ आम्ही दोघं समोरासमोर त्याआधी कधी बसलो नव्हतो. काय बोलायचं ते दोघांनाही सुचायचं नाही. "दुखतंय का?" ते विचारायचे. "नाही," मी म्हणायचो. मग पंख्याचा आवाज.

पाडव्याला पुण्याहून माझी मुलगी पल्लवी आली ती एक खोकं घेऊन. आजोबांच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "आजोबा, तुमची गाडी." खोक्यावर टी-पंचावन्नचं चित्र. आत हिरव्या प्लास्टिकच्या चौकटी, चौकटीला पानांसारखे चिकटलेले दोन-तीनशे तुकडे, प्रत्येकाशेजारी बारीक आकडा. सोबत घडीची पत्रिका, कुठला तुकडा कुठं बसवायचा ते दाखवणारी. खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढी, सव्वा वितीची गाडी त्यातून उभी राहणार होती.

अप्पांनी आधी चित्रातली चाकं मोजली. पाच. मग पहिल्या आणि दुसऱ्या चाकाच्या मधोमध बोट ठेवलं. "ही फट बघ. बाकीची चाकं जवळजवळ, ह्यातच अंतर जास्त. हीच हाय." त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं, ते मी आमच्या एकाही लग्नात, बारशात बघितलं नव्हतं.

पहिले आठ-दहा दिवस फार चांगले गेले. ते मी धरून ठेवले आहेत, कारण पुढचं सांगायला लाज वाटते. सकाळी अप्पा टेबल पुसायचे, वर्तमानपत्र अंथरायचे, वाटीत पाणी, कापूस, सँडपेपरचे चौकोन, सगळं ओळीनं मांडायचे, ड्यूटीवर निघाल्यासारखं. मी पत्रिकेतला आकडा वाचायचा, त्यांनी चौकटीतून तो तुकडा शोधायचा, नेलकटरनं हलकेच तोडायचा आणि माझ्या हातात द्यायचा. त्यांच्या उजव्या हाताला कंप होता. तुकडा तोडताना तो थांबायचा आणि माझ्या हातात देताना परत यायचा. एकदा एक कडी शहाबादी फरशीवर पडली. ती शोधायला अप्पा जमिनीला गाल लावून झोपले, आणि कडी सापडल्यावरही उठेनात. टेबलाखालून वर बघत म्हणाले, "गाडीतनं असंच दिसायचं. येवढंच. एका फटीतनं जग बघायचं." मी हसलो. त्यांना उठवायला हात दिला. पुढं काही विचारलं नाही.

उन्हानं गोंद कुंचल्यावरच वाळायचा. रंग बाटलीतून काढेपर्यंत घट्ट. मग आम्ही सकाळी सहा ते दहा काम करायला लागलो. अप्पा हळूहळू बोलायला लागले होते. आत किती कमी जागा असायची. चालकाच्या दोन्ही हातांत दोन दांडे, डावा ओढला की गाडी डावीकडं, उजवा ओढला की उजवीकडं. डिझेलचा वास कपड्यांतून आठ-आठ दिवस जात नसे. चौघं माणसं. कमांडर, तोफ डागणारा, गोळे भरणारा आणि पुढं एकटा चालक. गोळे भरणारा म्हणजे मोडनिंबचा दशरथ. हे नाव मला माहीत होतं. दर वर्षी संक्रांतीनंतर अप्पा पिशवीत शेंगाचटणी आणि कडक भाकरी घालून एक दिवस मोडनिंबला जाऊन यायचे. दशरथकाकांना एकच हात आहे, दुसरा लढाईत गेला, एवढं मला ठाऊक होतं. कसा गेला ते मी विचारलं नव्हतं. फौजेतल्या माणसाचा हात जातो, यात विचारण्यासारखं काय, असं काहीसं वाटलं असेल.

चाकांभोवती फिरणाऱ्या पट्ट्यांचं काम सर्वांत किचकट निघालं. एकेक कडी सुटी, प्रत्येक बाजूला नव्वदच्या आसपास. उजवा पट्टा अप्पांनी जोडला, चार सकाळी घेऊन, हाताच्या कंपाशी भांडत. डाव्याला त्यांनी हात लावला नाही. "त्यो तू कर," म्हणाले आणि माझ्यासमोर बसून बघत राहिले. मला वाटलं, दमले.

मग नळीचा दिवस आला. नळी म्हणजे तोफेची लांब नळी. दोन अर्धी, ती जोडून, घासून सांधा दिसेनासा करायचा. त्यात माझा हातखंडा. सांधा असा गेला की नख फिरवलं तरी लागेना. मी खुशीत होतो. अप्पा आतल्या खोलीतून आले आणि मुठीतलं काहीतरी टेबलावर ठेवलं. डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटलीचं टोपण. दोन्ही बाजूंनी भोक पाडलेलं, बाहेरून घासून गुळगुळीत केलेलं, हिरवा रंग दिलेलं. रंग थोडा ओघळला होता.

"ह्ये नळीवर चढव," ते म्हणाले. "मधोमध."

"हे काय?"

"डबा. आमच्या गाडीच्या नळीला मधोमध डबा हुता."

मी पत्रिका उलगडली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नळीच्या मधोमध काही नव्हतं. मोबाइलवर फोटो शोधून दाखवले. रशियातल्या गाड्या, संग्रहालयातल्या गाड्या, दहा-पंधरा फोटो. कुठंच नव्हतं.

"अप्पा, बघा. नाहीये."

"ह्या रशियाच्या. आमच्यावर हुता. खोटा डबा."

"खोटा म्हणजे?"

"त्येच सांगायचं हाय तुला. त्या डब्याचं जरा सांगायचं हाय मला, शिवू."

त्यांनी खुर्ची पुढं ओढली होती. हे मला आज दिसतं. तेव्हा मला दिसत होता तो सांध्याला लावलेला गोंद, जो वाळत चालला होता. मी म्हणालो, "अप्पा, आत्ता नको. आणि खोटा डबा वगैरे काही नसतं. तोफेवर कोण कशाला खोटा डबा लावेल? तुमचा गोंधळ होतोय. दुसऱ्या कुठल्या गाडीचं आठवत असेल."

सुनंदा उत्तरपत्रिका तपासत शेजारी बसली होती. ती म्हणाली, "लावा की. काय बिघडतंय? त्यांची गाडी आहे."

"चूक ते चूक," मी म्हणालो. माझा कारखान्यातला आवाज होता तो. "उद्या कुणी जाणकारानं बघितलं तर हसेल."

अप्पांनी टोपण उचलून शर्टाच्या खिशात टाकलं आणि "साकु," म्हणाले. साकु म्हणजे पुरे. रागवायचे तेव्हा ते मराठीत रागवायचे. कानडीत बोलले की समजायचं, आता ते आपल्याशी बोलत नाहीयेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबल पुसलेलं होतं, वर्तमानपत्र अंथरलेलं होतं, वाटीत पाणी होतं. अप्पा मात्र बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले होते. मी दोनदा हाक मारली. "तू कर की. मला उजेड सोसंना," म्हणाले. भर उन्हाकडं तोंड करून.

उरलेली गाडी मी एकट्यानं पुरी केली. रंग, त्यावर धूळ दाखवणारा हलका हात, पट्ट्यांना गंज. उत्तम झाली. पत्रिकेशी तंतोतंत. मी फोटो काढून नातेवाइकांच्या, कारखान्याच्या ग्रुपवर टाकले आणि दोन दिवस लोक वाहवा करत होते. अप्पांना दाखवली तेव्हा त्यांनी गाडी दोन्ही हातांत घेतली, पुढून बघितली, नळीवरून अंगठा फिरवला. "झ्याक झाली," म्हणाले. मी काचेची पेटी करून घेतली आणि ती दिवाणखान्यात ठेवली. प्लास्टर निघालं. मी कामावर गेलो. तो उन्हाळा संपला.

त्यानंतर अप्पा दीड वर्ष होते. या दीड वर्षात मला सवड नव्हती असं म्हणता येणार नाही. रविवार होते, जेवणं होती, दवाखान्यात नंबर लागेपर्यंतचे तास होते. एकदाही मी विचारलं नाही की अप्पा, त्या डब्याचं काय सांगणार होता? माझ्या लेखी तो विषय निकालात निघाला होता. लाल खडूची फुली. गेल्या दिवाळीच्या आधी, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन अप्पा गेले.

या एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला फाटक वाजलं. बाहेर पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा माणूस काठी टेकत उभा होता. डावी बाही मोकळी, कोपराच्या वर सेफ्टीपिननं दुमडलेली.

"शिवानंद नव्हं? मी दशरथ. मोडनिंबचा."

त्यांना आत घेतलं. सुनंदानं पाणी आणलं. "मापी करा," ते म्हणाले. "गुरुसिद्ध गेला तवा मी बार्शीला दवाखान्यात हुतो. खुबा मोडला हुता. कुनी मला सांगितलंच न्हाई महिनाभर. मग पाच म्हैनं आंथरुनात. आता कुटं जरा चालाय लागलोय, तर पयलं हितं आलो." अप्पांच्या फोटोसमोर ते बराच वेळ उभे राहिले. काठी भिंतीला टेकवून, असलेल्या एका हातानं त्यांनी सलाम केला. नमस्कार नाही, सलाम.

मग त्यांची नजर काचेच्या पेटीकडं गेली.

मला सांगायला हवं की मी त्या वेळी घाबरलो नव्हतो. उलट बरं वाटलं. जाणकार माणूस आला होता. मी पेटी उघडून गाडी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी वाकून पाहिली. बोट चाकांवरून गेलं, पट्ट्यावरून गेलं, मग नळीवर आलं आणि मधोमध थांबलं.

"डबा न्हाई," ते म्हणाले.

मी काही बोलायच्या आत त्यांनीच मान हलवली. "व्हय व्हय. बरूबर. गुरुसिद्ध बोलला हुता फोनवर. त्यो म्हनला, दशरथ, डबा मुद्दाम लावला न्हाई आमी. पोरगा म्हनला, डबा पडल्यानंतरची गाडी करू. त्या दुपारची."

सुनंदानं माझ्याकडं पाहिलं आणि ती आत गेली.

"रोज सांजच्याला फोन असायचा त्याचा, तुमी गाडी करत हुता तवा," दशरथकाका सांगत होते. "आज चाकं बसवली. आज पट्टा झाला. पोरगा समदं इचारून घेतोय म्हनायचा. मी म्हनायचो, नशीबवान हायस. माझी पोरं टीव्ही बगत्यात." ते हसले. "मग तुला ठावं हाय की समदं. तरी सांगतो. त्याच्यामागं आता मी येकटाच हाय त्या गाडीतला. बोलू का?"

"बोला," मी म्हणालो.

त्यांनी सांगितलं ते असं. समोरच्या फौजेकडंही तसल्याच गाड्या होत्या, चिन्यांनी नक्कल करून दिलेल्या. लांबून आपली कुठली, त्यांची कुठली, ओळखू यायचं नाही. आपल्याच लोकांनी आपल्यावर गोळा टाकू नये म्हणून आपल्या गाड्यांच्या नळीला मधोमध एक खोटा डबा बसवला होता. ती खूण. त्या दुपारी उंच गवताच्या रानातून जाताना नळी एका झाडाच्या खोडावर आदळली आणि डबा तुटून पडला. मागं आपल्याच तोफा होत्या.

"कमांडर म्हनला, कायतरी बांधा. मी तुपाचा रिकामा डबा घेतला, तार घेतली, नि वरच्या झाकणातनं भाईर आलो. गाडीच्या नाकाडावर हुबा ऱ्हाऊन बांधाय लागलो. गुरुसिद्ध खाली, झाकण लावून बसलेला. त्याला फटीतनं फकस्त माझं पाय दिसत हुतं. निम्मी तार गुंडाळली आसंल, तवर समोरनं फायर सुरू झाला. मी कवा पडलो, मला ठावं न्हाई. त्याला येवढंच दिसलं, की पाय हुतं ते न्हाईत. आन कानात हुकूम, चलो. त्यो म्हनला, दशरथ भाईर हाय. परत हुकूम, चलो! शेजारची गाडी तवर पेटली हुती."

त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

"त्यानं उजवा दांडा ओढला. मी डावीकडं पडलो आसंन, आशा अंदाजानं गाडी उजवीकडं घेतली. निसता अंदाज. तीन तासांनी परत आला तवर त्याला म्हाईत न्हवतं, मी जित्ता हाय का त्याच्या पट्ट्याखाली गेलो. मी खड्ड्यात बेसुद पडलेलो. हात गेला. डाक्टर म्हनला, गोळ्याच्या तुकड्यानं गेला. मीबी त्येच म्हनतो. पन गुरुसिद्धाला ते कदी पटलं न्हाई. त्याला वाटायचं, डाव्या पट्ट्यानं गेला. दर साल यायचा, जेवायचा, जाताना माझ्या ह्या खांद्याला हात लावायचा. तोंडानं येक अक्षर न्हाई. मीबी इचारलं न्हाई. पन्नास वर्सं आशीच गेली बग."

नव्वद कड्यांचा डावा पट्टा माझ्यासमोर होता. मी जोडलेला.

जेवायला वाढलं. सुनंदानं कडक भाकरी मोडून द्यायला हात पुढं केला तर काका म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी, मला येतंय." भाकरी ताटात ठेवून त्यांनी मुठीनं दाबली, एका दणक्यात तिचे तुकडे झाले. शेंगाचटणीवर तेल घेऊन त्यांनी चवीनं खाल्लं.

चार वाजता त्यांना रिक्षानं एसटी स्टँडवर घेऊन गेलो. अजून ऊन तसंच होतं, डांबर चपलेला चिकटत होतं. मोडनिंबवरून जाणारी गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. मी मनात वाक्यं जुळवत होतो. काका, मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी त्यांना बोलूच दिलं नाही. एवढंच सांगायचं होतं. फार अवघड वाक्यं नाहीत. तेवढ्यात काकांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"येक सांगायचं ऱ्हायलं. तू लई मोठं काम केलंस."

"मी?"

"त्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला येकदा. सांजच्याला न्हवं, भर दुपारी. कट्ट्यावर बसून करतोय म्हनला. म्हनला, दशरथ, आज पोराला समदं सांगितलं. डब्याचं, पट्ट्याचं, समदं. मी म्हनलो, मग पोरगा काय म्हनला? तर म्हनला, पोरगं माझ्या शेजारी येऊन बसलं. म्हनलं, अप्पा, तुमची चूक न्हाई. तुमी उजवा दांडा ओढला नसता तर दशरथकाका आज जित्तं नसते. तुमी थांबला असता तर चौघंबी गेला असता. गुरुसिद्ध फोनवर रडत हुता. म्हनला, आता मला तुला इचाराय येतंय. आन मग त्यानं इचारलं. पन्नास वर्सांत पयल्यांदा. दशरथ, तुझा हात माझ्यामुळं गेला का रं?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? न्हाई म्हनलो. तुझ्यामुळं बाकीचा मी ऱ्हायलो म्हनलो. पन तू आदी बोललास म्हनून त्यो इचारू शकला बग. त्येच्या फुडं संक्रांतीला आला तवा निराळा मानूस हुता. हसत हुता. नातवंडांबरूबर पतंग उडिवला." काकांनी माझ्याकडं वळून बघितलं. "म्हनला हुतास नव्हं तू तसं?"

स्टँडवर कुठली तरी गाडी मागं येत होती, शिट्टी वाजत होती. मी मघापासून जुळवलेली वाक्यं तोंडाशी होती. ती बोललो असतो तर माझं ओझं हलकं झालं असतं, आणि या माणसाच्या हातात अप्पांचं जे एक चांगलं उरलं होतं, ते मोडलं असतं.

"हो, काका," मी म्हणालो.

"बापाचं आसं बसून ऐकनारी पोरं आता ऱ्हायली न्हाईत," ते म्हणाले.

गाडी लागली. त्यांना खिडकीजवळ बसवलं, काठी आत दिली. गाडी वळून बाहेर पडेपर्यंत ते एका हातानं निरोप घेत होते.

परतताना रिक्षात बसलो. समोरून गरम वारा तोंडावर येत होता. जे वाक्य मी कधी बोललो नाही, ते अप्पांनी एकट्यानं रचलं, माझ्या तोंडी घातलं आणि त्याच्या आधारानं ते पुढं चालले. माझ्याकडून मिळालं नाही तर त्यांनी माझ्याच नावानं स्वतःला दिलं. त्यातला माझा आवाज त्यांना कसा ऐकू आला असेल? मऊ असेल. कारखान्यातला नसेल. मी तो करून बघितला. आधी मनात, मग हळूच तोंडानं.

"अप्पा, तुमची चूक नाही."

रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. "काय म्हनला सायेब?"

"काही नाही," मी म्हणालो. "चला तुम्ही."